परग्रहावरच्याला क्रिकेट समजावताना

आकाशातून कोणी उतरलंच, तर ते भिवंडीत उतरणार नाही, याची मला पक्की खात्री आहे. वरून आमचे रस्ते बघूनच माघारी फिरेल. आणि चुकून उतरलंच, तर त्याला वाटेल की या ग्रहावर मुख्य वस्ती गोडाऊनची आहे. मोबाईलवर नकाशा उघडून सॅटेलाइटचं चित्र लावा, म्हणजे तुम्हालाही पटेल. पत्र्याची छपरं, त्यांना लागून पत्र्याची छपरं, नजर जाईल तिथपर्यंत. मधल्या फटींतून जी दोन पायांची जमात हिंडते, ती या गोडाऊनांच्या सेवेला ठेवलेली असावी, असा रिपोर्ट तो आपल्या ग्रहाला पाठवेल. खरं सांगू का, तो फार चुकलेला नसेल. माझा दादाच त्या सेवेत आहे. सकाळी जातो, हातात स्कॅनर धरून दिवसभर खोकी मोजतो आणि संध्याकाळी परत येतो.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. परग्रहावरच्या जीवांचा किडा मला शाळेपासून चावलाय. आमच्या कॉलेजात एक सर आहेत, ते पोर्शन शिकवता शिकवता मधेच या विषयावर घसरतात. एवढे तारे, त्यांच्याभोवती एवढे ग्रह, मग कुठेतरी कोणीतरी असणारच, आणि असेल तर आजवर एकानेही हाक कशी मारली नाही, असा त्यांचा नेहमीचा सवाल. वर्गातले अर्धे तेव्हा मोबाईल काढतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. त्यांनी आपल्याला बघितलंय, फक्त ओळख दाखवत नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये जुने शेजारी समोरून येतात आणि ऐनवेळी त्यांना पर्समध्ये काहीतरी शोधायचं असतं ना, तसंच.

दादाला ताऱ्यांशी काही देणंघेणं नाही. त्याला क्रिकेट. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, बॉलर, आणि बोलायला एक नंबरचा कंजूस. मग आम्ही दोघांनी मिळून एक खेळ काढला होता. रविवारी तो मला गाडीवर मागे बसवून ग्राउंडवर न्यायचा, तेव्हा रस्ताभर हा खेळ चालायचा. मी परग्रहावरून आलेली, मला क्रिकेट म्हणजे काय हे ठाऊक नाही, आणि त्याने मला समजावायचं. मी विचारायची, ते दोघं टोपी घालून नुसते उभे का आहेत? तो म्हणायचा, ते पंच, त्यांचं कोणी ऐकत नाही पण ते लागतात. मी विचारायची, बॉल पायाला लागला तर टीव्हीवर आऊट देतात, तुमच्याकडे का देत नाहीत? तो म्हणायचा, आमच्याकडे दिला तर मॅच तिथेच संपेल आणि मारामारी सुरू होईल. असं काय काय चालायचं. एक प्रश्न मात्र त्याला कधी नीट जमला नाही. हे अकराच एकत्र का, ते पलीकडचे अकरा यांच्यात का नाहीत? तो म्हणायचा, कारण हे एका गावचे. गाव म्हणजे? जिथे आपलं घर असतं ते. आणि घर हललं तर? त्यावर तो गाडीचा हॉर्न वाजवायचा आणि म्हणायचा, "गप गं, डोकं नको खाऊ."

आता आमच्याकडचं क्रिकेट कसं असतं ते सांगते, कारण टीव्हीवरच्या क्रिकेटशी त्याचं फक्त बॅट-बॉलपुरतं नातं आहे. भात कापून झालं की शेतं मोकळी होतात. त्यातलं एखादं रोलर फिरवून सपाट करतात, चुन्याची बाउंड्री आखतात, एका कडेला मंडप आणि स्टेज. बॉल टेनिसचा. मॅच चार-चार ओव्हरची, चहा उकळेपर्यंत एक डाव संपतो. मोबाईलवर सगळं लाइव्ह दिसतं आणि कमेंटेटर असा ओरडतो की मेलेला उठून बसेल. आणि बॅनरवर खाली जाड अक्षरांत लिहिलेलं असतं: एक गाव एक संघ, ओरिजिनल आधार कार्ड सक्तीचे. हा नियम का, तर पैसेवाली गावं बाहेरून भाड्याचे प्लेअर आणायची आणि चषक घेऊन जायची. म्हणून ठरलं, ज्याच्या आधारवर ज्या गावचा पत्ता, तो त्याच गावाकडून खेळणार. मला हा नियम एकदम बरोबर वाटायचा. मी तो चार लोकांत तावातावाने मांडलेलाही आहे.

या मॅचेसमध्ये मी स्कोअरर. आधीचा स्कोअरर नोकरीला लागला आणि मी तिथे बसलेलीच असायची, हिशोब तोंडी करायची, म्हणून एकाने टॅब माझ्या हातात दिला तो दिलाच. हळूहळू आजूबाजूच्या गावांतूनही बोलावणं यायला लागलं. कॅमेरा मधूनमधून माझ्यावर यायचा आणि कमेंटेटर म्हणायचा, आमच्या स्कोअरर ताई बघा, कॉलेजात शिकतात, एक डॉट बॉल चुकवत नाहीत. पप्पा घरी मोबाईलवर बघत असायचे. त्यांना दादाच्या विकेटपेक्षा या वाक्याचं कौतुक जास्त होतं.

दादाची मात्र गोष्टच वेगळी. शेवटची ओव्हर त्याची, हे दहा वर्षं ठरलेलं. पायाच्या बोटांवर असा यॉर्कर टाकायचा की बॅट्समन नाचायचा. कमेंटेटर त्याला आपल्या गावची शान म्हणायचा. त्याला म्हटलेलं आयुष्यातलं एकमेव चांगलं वाक्य ते, आणि तेही स्पीकरवरून. दहावीनंतर शिक्षण सुटलेलं, गोडाऊनमध्ये सुपरवायझर त्याला नावाने नाही, शिफ्टच्या नंबराने हाक मारायचा. रविवारी तो माणूस व्हायचा. एवढी एकच गोष्ट त्याच्याकडे होती, आणि ती माझ्या हातून गेली. कशी, ते सांगते.

गाव आमचंच. पणजोबांपासूनचं. गावाच्या टोकाला आमची आळी, अकरा घरं आणि विहार. गावातल्या जमीनवाल्यांनी शेतं विकली नाहीत, शहाणे होते, त्यांच्यावर गोडाऊन बांधली. आमच्या टीमचा कॅप्टन त्यांच्यातल्याच एका मोठ्या घरचा. तो आणि दादा शाळेत एका बाकावर होते. दुपारच्या सुट्टीत तो आमच्याकडे जेवायचा. त्याच्या आईला ते ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. पुढे त्यांचं तिसरं गोडाऊन आमच्या आळीला खेटून उभं राहिलं आणि त्याच्या कंपाउंडची भिंत आली. रिक्षा वळेना. पावसाळ्यात पाण्याला जायला वाट नाही, ते सरळ आमच्या चुलीपाशी यायचं. आजी आजारी पडली तेव्हा तिला खुर्चीत बसवून मेन रोडपर्यंत उचलून न्यावं लागलं. आम्हाला कोणी हाकललं नाही हं. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. नुसती भिंत बांधली. आजी गेली, आणि वर्षभरात पप्पांनी घर कॅप्टनच्या वडिलांनाच विकलं, कारण तशा घराला दुसरं गिऱ्हाईक कोण मिळणार? आम्ही भिवंडी शहरात, कामतघरला भाड्याच्या खोलीत आलो. खाली पॉवरलूम, वर आम्ही. फरशी दिवसभर थरथरते.

दादा दर रविवारी तरीही गावी जायचा, टीमबरोबर खेळायचा, जणू आम्ही हललोच नव्हतो. टीमलाही तसंच वाटत असावं, निदान आम्हाला तसं वाटायचं.

मग माझी शिष्यवृत्ती आली मधे. फॉर्म दोनदा परत आला. रेशनकार्ड कामतघरचं झालेलं, उत्पन्नाचा दाखला कामतघरचा आणि आधार अजून गावचं. पत्ते जुळत नाहीत. आधार केंद्रावरचा माणूस म्हणाला, एकेकाचं कशाला करता, सगळ्या घराचे पत्ते एकदाच बदलून घ्या, पुन्हा झंझट नको. मला ते पटलं. घरातले सगळे कागद मीच बघते, मलाच अक्कल ना! भाडेकरार घेतला, चौघांची कार्डं घेतली आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. दादाने हाफ डे टाकला होता. मी त्याला म्हटलं, पत्ता बदलतेय बरं का तुझा. तो म्हणाला, कुठलाही लाव, मला कोण पत्र लिहितंय. आणि मशीनवर बोटं ठेवली. नियम मी तोंडपाठ सांगू शकत होते, बॅनरवर दर रविवारी वाचत होते, आणि तरी माझ्या डोक्यात त्या वेळी काहीसुद्धा आलं नाही. शिष्यवृत्ती मिळाली. मी पेढे आणले. दादाने दोन खाल्ले.

ही गोष्ट गणपतीच्या आसपासची. सीझन सुरू झाला डिसेंबरात. सुरुवातीच्या मॅचेसना कोणी कार्ड बघितलं नाही, ओळखीचे सगळे. तालुक्याच्या मोठ्या टूर्नामेंटची सेमीफायनल होती, दुसऱ्या गावच्या ग्राउंडवर, आणि टॉसच्या आधी समोरच्या टीमने आक्षेप घेतला. तुमच्या बॉलरचं आधार दाखवा. दादाने खिशातून काढून दिलं, अगदी बेफिकीर. त्याने ते स्वतः कधी वाचलंच नव्हतं. आयोजकांपैकी एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, हे तर कामतघर आहे.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते, टॅब मांडीवर घेऊन. उठून उभी राहिले आणि सांगितलं की पत्ता मी बदललाय, माझ्या शिष्यवृत्तीसाठी, आम्ही त्याच गावचे, पणजोबांपासूनचे, कोणालाही विचारा. जरा मोठ्यानेच सांगितलं. माइक जवळ होता, थोडं स्पीकरवरही गेलं. ते गृहस्थ भले होते. मला म्हणाले, ताई, तू स्कोअर बघ. मग आमच्या कॅप्टनकडे वळले. कार्डाबाबत वाद झाला तर गावाचा शब्द शेवटचा, अशी तिथली जुनी रीत आहे. गावाने सांगितलं हा आमचा, तर तो खेळतो. शब्द खोटा निघाला तर मात्र ते गाव पुढची तीन वर्षं बाद.

"ह्यो तुमच्या गावचा हाय ना?" त्यांनी कॅप्टनला विचारलं. "तुमी शब्द द्या, आमी खेळवतो."

आता यात खोटं काय होतं? काय होतं खोटं, मला सांगा. दहा वर्षं ज्याच्या ओव्हरवर तुम्ही चषक नेलेत, ज्याच्या आईच्या हातचं जेवलात, तो तुमच्या गावचा, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. कॅप्टनने दादाकडे बघितलं नाही. बाजूला त्याचा चुलतभाऊ बूट चढवून तयार बसला होता, बारावा खेळाडू, त्याच्याकडे एकदा बघितलं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "आधारवर काय लिवलंय त्येच धरा."

बाकीचे नऊ जणही तिथेच होते. एकाने बुटाची लेस बांधली. एकाने पाण्याची बाटली तोंडाला लावली. मी एकेकाचं तोंड बघून घेतलंय, विसरणार नाही.

दादाने कार्ड परत घेतलं, खिशात ठेवलं आणि मंडपाच्या मागे गाडी लावली होती तिकडे गेला. मला वाटलं तो जाईल, पण गेला नाही, गाडीवर बसून राहिला. मी स्कोअरर, मला उठता येईना. टॅबवर अकरा जणांच्या यादीतून त्याचं नाव मलाच काढायचं होतं. नाव दाबलं की खाली विचारतं, नक्की काढायचं का? मी हो दाबलं. त्याच्या जागी चुलतभावाचं नाव टाकलं. तोवर टॉस झाला होता आणि कमेंटेटर मोबाईलवरच्या मंडळींना सुप्रभात म्हणत होता.

शेवटच्या ओव्हरला समोरच्यांना सोळा हवे होते. दादाने सोळा कधी दिले नसते. चुलतभावाने चार बॉलमध्ये दिले, त्यात एक वाइड. मी सगळं टिपलं, बिनचूक. आणि गाव हरलं तेव्हा मला आनंद झाला. हो, झाला, लपवू कशाला. एवढा आनंद मला पेढे वाटतानाही झाला नव्हता. मग मंडपाच्या मागे दादाकडे गेले, तर तो मान खाली घालून म्हणाला, त्याने स्लोअर वन टाकायला हवा होता. मला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली.

घरी येताना मी बोलत होते, तो गाडी चालवत होता. मी म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, तुझं काय चुकलं, शिकतेयस ना. नंतरही त्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, एकदाच भांडण होऊन मिटलं असतं. आईने मात्र महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. ती म्हणाली, पोराच्या आधी कागदांना विचारायचं, हे तुझ्या शिक्षणाने शिकवलं का?

मग आमचे कामतघरचे दिवस. दादाने ठरवलं, ठीक आहे, आधार इथलं आहे ना, इथल्या टीमकडून खेळू. तो कामतघरच्या मुलांकडे गेला. त्यांनी नेटमध्ये त्याची दोन ओव्हर बॉलिंग बघितली, खूश झाले, चहा पाजला. आणि मग एकाने विचारलं, पण तुमी मूळचे कुठले? दादाने सांगितलं. तो म्हणाला, मग कसं जमेल, आमच्यात आधार पण लागतं आणि मूळचा पण लागतो, न्हायतर पोरं नाराज होतील. दादाने हे मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. एका गावात कार्ड नाही म्हणून बाहेरचा, दुसऱ्या गावात कार्ड असून बाहेरचा, म्हणजे त्याने बॉल टाकायचा कुठे, टेमघरच्या पुलावरून खाली?

त्याच सुमारास कॉलेजात सरांनी एक गोष्ट सांगितली. म्हणे पूर्वी शास्त्रज्ञांनी एका दूरच्या तारकापुंजाच्या दिशेने रेडिओवरून निरोप पाठवला होता. आम्ही कोण, कसे दिसतो, कुठे राहतो, सगळं त्यात आकड्यांत मांडलेलं. तो निरोप तिथे पोचायला हजारो वर्षं लागणार, आणि गंमत अशी की तोवर तो पुंज त्या जागेवर राहिलेलाच नसेल, पुढे सरकलेला असेल. मी वर्गात मोठ्याने हसले. सर म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही सर, पत्ता बदलल्याचं कुणी कळवलं नसेल. वर्गात कुणालाच त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, आणि बरोबरच आहे.

पुढच्या रविवारी दादाला ते सांगितलं. तो भर दुपारी पलंगावर पडून होता. हे त्याचं नवीनच सुरू झालेलं. रविवारी झोपायचा, नाहीतर दुसऱ्यांच्या मॅच मोबाईलवर बघायचा, आवाज बंद करून. खाली लूम चालू असल्यामुळे आवाज तसाही ऐकू आला नसता. मी त्याला विचारलं, तुला काय वाटतं, असेल का रे तिकडे कोणी? म्हटलं, आपला जुना खेळ तरी निघेल. तो म्हणाला, "असतील. पण त्यांची टीम आधीच फुल असेल." आणि कूस बदलली. ग्राउंडवर जाताना आम्ही ज्या खेळात एवढे हसायचो, तो त्यानंतर आम्ही खेळलो नाही.

परग्रहावरच्याला नो बॉल समजावता येतो. वाइड, ओव्हरथ्रो, फ्री हिट, सगळं जमतं, मी एकटीने डोक्यात करून बघितलंय. पण तो जर म्हणाला, त्या दहा जणांना तोंडं होती ना, मग ती का उघडली नाहीत, तर मी काय सांगू? मी फिजिक्सवाली. मला माणसांचं काही समजत नाही, असं आई म्हणते, आणि त्यात तिचं खरं आहे.

दिवाळी झाली, पुन्हा भात कापून झालं. एका रविवारी दुपारी आमच्या जिन्यावर बुटांचा आवाज आला आणि दारात कॅप्टन. कामतघरच्या खोलीत तो पहिल्यांदाच येत होता. आईने पदर सारखा केला, चहा ठेवला. पप्पांनी खुर्ची दिली. मी दिली नसती. तो मात्र पलंगाच्या कडेला दादाजवळ बसला, फरशी थरथरताना बघून म्हणाला, सवय झाली असंल ना तुमाला. मग इकडचं तिकडचं झालं. गेल्या वर्षी माझं चुकलं, असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, गेल्या वर्षी जरा लोचा झाला, तीन वर्षं गाव बाद झालं असतं, म्हणून मी रिस्क घेतली नाही, आणि बॉलिंग काय आपली तुझ्याशिवाय उभी राहात न्हाय. हे शेवटचं ऐकल्यावर दादाने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं आणि मला धडकीच भरली.

कॅप्टनने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून स्टॅम्पपेपर काढला. त्याने सगळी तयारी करूनच आणली होती. भाडेकरार. मालक म्हणून त्याच्या वडिलांचं नाव, भाडेकरू म्हणून दादाचं. एवढा कागद झाला की आधारवर पुन्हा गावचा पत्ता चढतो, मग कोणाच्या बापाला आक्षेप घेता येणार नाही. भाडंबिडं काही नाही, नुसतं कागदावर, राहायलाही यायचं नाही. पप्पा म्हणाले, वाच गं. घरातले कागद मी वाचते.

मी वाचत गेले. खाली मिळकतीचं वर्णन होतं, ग्रामपंचायतीचा घर नंबर घातलेला. तो नंबर मला कागद न बघताही सांगता आला असता. माझ्या शाळेच्या दाखल्यावर तोच आहे. आजीच्या मृत्यूच्या दाखल्यावर तोच आहे. पप्पांनी तो दाराच्या चौकटीवर निळ्या ऑइलपेंटने स्वतःच्या हाताने काढला होता. तिथे आता गोडाऊनला आलेले ट्रकचे ड्रायव्हर झोपतात. मी म्हटलं, हे आमचं घर आहे. कॅप्टनचा चेहरा खुलला.

"तुमचंच हाय ना," तो म्हणाला. "म्हणून तर मुद्दाम त्योच नंबर टाकला. दुसरा पण टाकला असता, पण म्हटलं, तुमाला बरं वाटंल."

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण काहीतरी चांगलं करतोय. हेच मला सहन होत नाही. शिवी दिली असती तर तिला उत्तर असतं. पप्पा उठले आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. आई कप विसळायला लागली, ते आधीच विसळलेले होते. दादाने माझ्याकडे पेन मागितलं.

मी म्हटलं, "दादा, आपल्या घरात तू भाडेकरू म्हणून सही करतोयस."

"वाचता येतं मला," तो म्हणाला. "सत्तावीसचा झालोय. खांदा अजून तीन सीझन चालेल, फार तर चार. मला बॉल टाकायचाय."

पेन मी दिलं नाही, कॅप्टनने स्वतःच्या खिशातलं दिलं. दादाने दोन्ही पानांवर सही केली, जिथे जिथे फुली मारलेली होती तिथे. मग कॅप्टनने कागद माझ्याकडे सरकवला. साक्षीदार दोन लागतात, एक मी, दुसरी तू हो, तुझं अक्षर चांगलं हाय, असं म्हणाला. मी हात मागे घेतला. मला 'नाही' म्हणता आलं असतं. कोणीही उठून साक्षीदार झालं असतं, खालचा लूमवालासुद्धा, पण निदान माझी सही त्यावर नसती. तेवढ्यात दादाने वर बघितलं. कॅच सुटला, पंचाने चुकीचा वाइड दिला, गावाने तोंड फिरवलं, तरी या माणसाने कधी कोणापुढे हात पसरल्याचं मी पाहिलेलं नाही. त्या वेळी तो माझ्याकडे तसा बघत होता.

मी सही केली. मला कॅप्टनचा राग आला आणि दादाचा आला, दादाचा जास्त. तरी अक्षर नीट काढलं आणि माझा कामतघरचा पत्ता सावकाश लिहिला, कारण साक्षीदाराच्या रकान्यात खाडाखोड झाली तर कागद बाद होतो.